भिंतीवरची पहिली ओळ

टनकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारा माणूस आता एकच उरला होता, तो म्हणजे पोस्टमन. बाकी सगळ्या वस्तीला ते टनकाका. चौतीस वर्षं त्यांनी हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर काढली होती. एक काचेची खोली, एक खुर्ची, समोर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा आणि दिवसभर त्यावर चढणारे-उतरणारे ट्रक. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच, नुसते टायर किती दबलेत ते बघून, काका वजन सांगत. शंभर-दोनशे किलो इकडे-तिकडे. ड्रायव्हर लोक चहाची पैज लावायचे आणि हरायचे. चौतीस वर्षांत काकांनी किती कप फुकटचा चहा ढोसला याची कुठे नोंद नाही, पण त्यांच्या पित्ताचं मूळ तिथंच आहे असं काकूंचं ठाम मत होतं.

या माणसानं उभ्या जन्मात कधी काटा मारला नाही. सख्ख्या मेव्हण्याचा ट्रक दीड टन जास्त भरला, तर तोही काकांनी काट्यावरून परत पाठवला. मेव्हण्यानं सहा वर्षं या घराची पायरी चढली नाही. काकूंनी नवऱ्याला या बाबतीत पुरतं माफ केलंय असं म्हणता येणार नाही, पण शेजारणींपुढे त्या ही गोष्ट मान ताठ करून सांगत.

घर कोपऱ्यावर होतं. समोर फरशीचं अंगण, दोन रस्त्यांच्या बरोबर कोनात. एका बाजूला छातीएवढी भिंत, दुसऱ्या बाजूला दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये एक साखळी. कोपऱ्यालगतची खोली काकूंची शिवणाची. त्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, चिंध्यांची दोन पोती आणि खिडकी. ही खोली काकूंनी स्वतःच्या शिलाईवर बांधून घेतली होती आणि तिथं काकांनासुद्धा चपला काढून यावं लागे.

निवृत्त झाल्यावर काकांचे हात आणि डोळे रिकामे झाले. ते अंगणात खुर्ची टाकून बसत, रस्त्यानं जाणारा ट्रक बघत आणि काट्यावरून आणलेल्या मेणाच्या निळ्या खडूनं भिंतीच्या आतल्या बाजूला लिहीत. वेळ, गाडीचा नंबर, अंदाजे टन. काट्यावर याच खडूनं ताडपत्रीवर खुणा करायचे ते. पाण्यानं जात नाही आणि पुसला तर पुसत नाही. काकूंनी आधी खूप डोकं आपटलं आणि मग तह केला.

"भिंतीच्या टोकापासून त्या पाइपापर्यंत तुमचं राज्य," त्या म्हणाल्या. "पाइपाच्या पुढे एक रेघ दिसली, तर तुम्हाला चुन्याची बादली आणि ब्रश देईन हातात."

काका पाइपाच्या पुढे कधी गेले नाहीत. आणि काकूंनी ते आकडे कधी वाचले नाहीत. नवऱ्याचा एखादा चाळा न वाचता चालवून घेणं हेच संसाराचं निम्मं काम असतं, असं त्यांना वाटे.

मग मागच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभारायला वीज कंपनी आली.

पहिली गाडी आली ती सकाळी नऊच्या सुमाराला. काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. गाडी कसली, चालता पूलच तो. पुढे साधं ट्रकचं तोंड आणि मागे लांबच लांब बुटकी ट्रॉली, तिच्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी अजस्र. कोपऱ्यावर ती अडली. पुढेही जाईना आणि मागेही येईना. ड्रायव्हर खाली उतरला. वयस्कर होता, नम्र होता.

"काका, वळण बसत नाहीये. शेपूट तुमच्या अंगणातून जाऊ दिलं तर निघेल. एवढी एकच वेळ. पण तुमची फरशी झेपेल का? कारण गाडीचं वजन..."

तो पुढे बोलणार होता. पण काकांनी हात वर केला. काट्यावर असताना तो हात वर झाला की ड्रायव्हर गप्प बसायचे, कारण आता काका वजन सांगणार. काकांनी डोळे बारीक करून टायर बघितले. फुगवटा जवळजवळ नाहीच. बाहेरच्या रांगेत आठ चाकं.

"तेरा टन," काका म्हणाले. "वरचं धूड पोकळच दिसतंय. येऊ द्या."

ड्रायव्हरनं हातातली वजनाची पावती परत खिशात घातली. मग त्यानं खांबावरची साखळी काढली, नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि गाडीत चढला.

ट्रॉलीचं शेपूट अंगणात आलं आणि काकांच्या कानावर असा आवाज पडला, जो त्यांनी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. फरशी तडकली नाही. ती दबली. फरशीखालची माती कण्हल्यासारखी झाली. घरात कपबश्या किणकिणल्या. शिवणाच्या खोलीची खिडकी आपोआप उघडली. काका खाली वाकले आणि तेव्हा त्यांना दिसलं, की बाहेरच्या आठ चाकांच्या मागे, पोटाखाली, चाकांच्या आणखी रांगा होत्या. एकामागे एक. वजन सगळ्यांत वाटलं गेलं होतं, म्हणून टायर दबले नव्हते. काचेच्या खोलीत उंचावर बसून ज्यानं जन्मभर बाहेरचीच चाकं बघितली, त्याला वाकून बघायचं सुचलंच नव्हतं.

"पावती दाखवा," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

ड्रायव्हरनं पावती दाखवली. बासष्ट टन.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती खरोखरच दोन बोटं सरकली होती. ते खुर्चीत बसले. तेरा आणि बासष्ट. शंभर-दोनशे किलोचा फरक नव्हता हा. एकोणपन्नास टनांची चूक! ज्या एका गोष्टीचा या माणसाला अभिमान होता, ती गोष्ट एका सकाळी त्याच्या अंगणात चिरडून गेली होती. गाडी निघून गेली तरी ते तसेच बसून होते. मग उठले, खडू घेतला आणि भिंतीवर, पाइपाच्या अलीकडे उरलेल्या कोऱ्या जागेत, कंपनीच्या गाड्यांचं नवं खातं सुरू करून लिहिलं. काकू परत आल्या तेव्हा साखळी लावलेली होती.

"ही फरशी खचलेली दिसतेय," काकू म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली. तिचा ड्रायव्हर खाली उतरलासुद्धा नाही. काका साखळीपाशी जाऊन उभे राहिले, हात आडवा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नाही. इथून नाही. मागे घ्या." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काका हलले नाहीत. मग त्यानं मागच्या गाडीतल्या दोन माणसांना खूण केली. त्यांनी काकांना अगदी हलकेच, सामान बाजूला करावं तसं बाजूला केलं आणि ट्रक साखळी तोडून आत आला. काकू दारात उभ्या होत्या, हातात कात्री. भरदिवसा, मालक उभा असताना, त्याच्या अंगणातून परकं माणूस गाडी घालतं, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना.

तिसरी आली, चौथी आली. काकांनी नवी साखळी आणली, ती तुटली. अंगणात कपड्यांची काठी आडवी टाकली, तिचे दोन तुकडे झाले. काका औषध आणायला गेले की त्या वेळात दोन जायच्या; त्यांचे नंबर काकू त्यांना आल्यावर सांगत. समोरच्या बेकरीवाल्याला सगळं दिसत होतं, पण कंपनीच्या माणसांचा रोजचा पाव त्याच्याकडून जायचा, म्हणून त्याला नेमकं तेव्हाच भट्टीत डोकं घालायचं काम निघे.

शिवणाच्या खोलीत कोपऱ्यातून एक तडा निघाला होता. आधी केसाएवढा. काकूंनी मापाची टेप लावून शेजारी खडूनं खूण केली. दोन दिवसांनी तडा खुणेच्या पुढे गेला. त्यांनी दुसरी खूण केली. दोन आठवड्यांत त्या भिंतीवर कपडा कापायला घेतल्यासारख्या खुणाच खुणा झाल्या, आणि तड्यात काकूंची करंगळी जाऊ लागली.

"अहो, ही भिंत पडली तर वरचं छप्पर कोण धरणार आहे? तुम्ही?"

काका कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. तिथं एक साहेब होता, बसल्या जागीसुद्धा डोक्यावर हेल्मेट घालणारा. तो म्हणाला, "काका, आमच्या गाड्या मुख्य रस्त्यानंच जातात. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." इतक्या थंडपणे म्हणाला, की काकांना क्षणभर स्वतःच्याच अंगणाची शंका आली. मग ते पालिकेच्या कचेरीत गेले आणि अर्ज दिला. पाहणीला माणूस येईल म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले.

अठ्ठाविसावी गाडी आली तेव्हा दोघं अंगणात चहा पीत बसले होते. या गाडीवर पवनचक्कीचं पातं होतं, गाडीच्याही मागे बरंच बाहेर आलेलं. गाडी वळली आणि पात्याचं टोक हवेतून फिरत आलं, सावकाश, कुणीतरी दार लोटावं तसं. काकूंनी काकांचा सदरा धरून मागे ओढलं. टोक भिंतीला लागलं. भिंत एकदम नाही पडली. आधी वाकली, मग थांबली आणि मग सबंध आडवी झाली. त्या धुळीत दोघांच्या हातात कप तसेच होते. काकूंच्या कपात चहापेक्षा चुनाच जास्त होता. गाडी थांबली नाही.

या वेळी हेल्मेटवाला स्वतः आला. पडलेली भिंत लपवता येण्यासारखी नव्हती ना.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण काका, आमची एकच गाडी चुकून आली. आणि एकदा त्याआधी, पण ती तुमच्या परवानगीनं. आमच्या ड्रायव्हरचा तसा रिपोर्ट आहे. परवा पालिकेच्या बाई पाहणीला येणार आहेत, त्यांनाही आम्ही हेच सांगू. तुम्ही स्वतः गाड्या बोलावल्यात, तर खोलीच्या तड्याला कंपनी काय करणार?"

"परवानगी?" काकू उसळल्या. "जिभेला काही हाड? आमच्या घरात कुणी परवानगी दिली हो तुम्हाला? सांगा ना ह्यांना तुम्ही! अहो, सांगा ना!"

काका फरशीकडे बघत होते.

काकू बोलायच्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग हेल्मेटवाल्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. हेल्मेटवाला गेला तरी त्या तिथंच उभ्या होत्या. काकांना वाटलं आता भडका उडणार. पण काकूंनी चुन्यानं भरलेले दोन्ही कप उचलले आणि घासायला आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत काकांनी भिंतीच्या गिलाव्याचे तुकडे वेचले. कंपनीच्या गाड्यांच्या निळ्या आकड्यांचे तेवढे वेगळे काढले, पोत्यात भरले आणि स्वतः उचलून ओट्यावर ठेवले. पुरावा म्हणून दुसरं होतंच काय त्यांच्याकडे? सत्तावीस गाड्या, सत्तावीस नंबर, सगळे त्या ढिगाऱ्यात.

सकाळी उठले तर काकूंनी अंगणात जुनी चादर अंथरली होती आणि तुकडे जुळवायला बसल्या होत्या. कापड बेतणाऱ्या हातांना ते काम जड नव्हतं. कड बघायची, रेघ बघायची, फिरवून लावायचं. तीन तास त्या मान वर न करता बसल्या, आणि भिंत हळूहळू चादरीवर आडवी उमटत गेली. काका बाजूला बसून तुकडे हातात देत होते. सगळे तुकडे संपले तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक भोक राहिलं होतं, पुस्तकाएवढं.

"तेवढा चुरा झाला असेल," काकू म्हणाल्या.

काकांनी एकेक तुकडा पुन्हा पोत्यात भरायला घेतला. काकू म्हणाल्या, अहो, हे काय करताय, मी जुळवलंय सगळं. त्यांनी ऐकलं नाही. पोतं भरलं, दोन्ही हातांनी उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"काल मी हे उचललं तेव्हा चाळीस किलो होतं," ते म्हणाले. "आज साडेसदतीस आहे."

"माती गळली असेल."

"अडीच किलो माती?"

काकू उठल्या. शिवणाच्या खोलीत गेल्या आणि अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. त्यांनी ते काकांच्या समोर आपटलं नाही, ठेवलं.

"पहिली ओळ वाचली मी," त्या म्हणाल्या. "तेवढीच वाचली. पुढचं वाचवेना. महिनाभर मी गल्लीभर सांगत फिरतेय, की न विचारता घुसले मेले. आणि माझा नवरा साखळीपाशी उभा राहून त्यांना या म्हणतोय! मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," काका म्हणाले. "अंदाज चुकला माझा. तेरा म्हटलं मी, आणि बासष्ट होतं."

काकूंना पटकन कळेना, की हा माणूस आत्ता कशाबद्दल बोलतोय. घराला भेग पडलीय आणि याला लाज कशाची, तर आकडा चुकल्याची! मग त्यांना त्याचा चेहरा दिसला, आणि त्यांचं रागावणं निम्म्यावर थांबलं.

"हे बघा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हा तुकडा त्या बाईंच्या हातात पडला, तर माझी खोली गेली. घर गेलं. एवढंच सांगते. कुणाला कळणार आहे? चुरा झाला म्हणू."

काकांनी गुंडाळीचं एक टोक उलगडलं आणि निळं अक्षर दिसताच पुन्हा मिटलं. घर हातचं जाईल ही भीती त्यांनाही होती. मेव्हण्याचा ट्रक परत पाठवताना ती वाटली नव्हती.

"तुकडा जागेवर लाव," ते म्हणाले.

"अहो!"

"लाव. जुळवलंयस तू, तूच लाव."

काकूंनी पोतं उपसून सगळी भिंत पुन्हा जुळवली आणि तो तुकडा लावला. डोळे पुसत लावला आणि सगळ्या देवांना नावं ठेवत लावला.

पाहणीच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर हेल्मेटवालाही होता. बाईंनी आधी शिवणाच्या खोलीतला तडा बघितला, त्यात पेन घालून बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्या अंगणात आल्या आणि चादरीवरची भिंत बघून थबकल्याच. तेवढ्यात हेल्मेटवाल्याचं लक्ष वरच्या कोपऱ्यात गेलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"हे वाचा मॅडम! यांनीच लिहिलंय. 'पहिल्या गाडीला परवानगी मी दिली.' आता आणखी काय पाहिजे?"

काकूंनी पदराचा बोळा तोंडाला लावला. काका उभे होते, काट्यावर उभे असल्यासारखे ताठ.

बाई चादरीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्याच तुकड्यावर, पहिल्या ओळीखाली, आणखी ओळी होत्या.

"'अंदाज तेरा टन. खरं बासष्ट टन. चूक माझी. फरशी दोन बोटं खचली, आतल्या भिंतीला केसाएवढा तडा.'" बाई थांबल्या. मग त्यांनी पुढचा तुकडा वाचला. "'दुसरी गाडी. नाही म्हणालो. मला बाजूला करून गेली. साखळी तोडली.' 'तिसरी गाडी. नाही म्हणालो.'"

त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस वाचल्या. वाचायला बराच वेळ लागला.

"कुणीही काहीही खरडेल भिंतीवर!" हेल्मेटवाला म्हणाला. "हा काय पुरावा झाला?"

बाईंनी मान वर केली. "खोटं रचायचं असतं, तर माणूस सुरुवात 'चूक माझी'पासून करतो का?" त्या म्हणाल्या. "आणि आत्ता तुम्हीच मला ही भिंत खरी मानून वाचायला सांगितलीत ना? पहिली ओळ खरी, तर सगळ्या खऱ्या. या नंबरांच्या गाड्या कुणाच्या, ते आज दुपारपर्यंत मला कळवा."

हेल्मेटवाल्यानं पहिल्यांदाच हेल्मेट काढलं, आणि आत टक्कल होतं एवढंच वस्तीला कळलं.

दुपारी पालिकेच्या माणसांनी कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे आणून लावले. पण जाण्याआधी बाईंनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की शिवणाच्या खोलीत आता पाऊल टाकू नका. ती पाडावीच लागेल. कंपनीकडून बांधून घेऊ, माझा शब्द, पण उभी ठेवण्यासारखी ती राहिलेली नाही. काकूंनी मान हलवली. मग दोघांनी मिळून मशीन उचलून बाहेर अंगणात आणलं.

भिंत नसलेल्या अंगणात दोघं बसले. सगळा रस्ता उघडा पडला होता. चारच्या सुमाराला कंपनीची एक गाडी आली, ठोकळ्यांपाशी थबकली, बराच वेळ गुरगुरली आणि मग इंच इंच मागे सरकत लांबच्या रस्त्याला लागली. काकू बघत होत्या. नवऱ्याला जरा बरं वाटावं म्हणून त्यांनी त्याच्या आवडीचा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"किती टन असेल हो ही?"

काकांनी डोळे बारीक केले. टायर बघितले. सवयीनं हात वर गेला, आणि अर्ध्यावरूनच खाली आला.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य काकूंनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भिंत पडताना बसला नव्हता एवढा धक्का त्यांना आत्ता बसला. त्यांनी काकांचा हात धरला आणि तो हात किती जड झालाय ते त्यांना कळलं.